खोली पाहावी चालून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलं आहे. मी दोन्ही पाहिली आहेत आणि दोन्हींचे हप्ते अजून चालू आहेत. तेव्हा म्हणीच्या खरेपणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिसरी गोष्ट सांगायची राहून गेली याबद्दल. ती मी सांगतो. शिकायला परगावी जाणाऱ्या पोरानं खोली पाहावी चालून. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या डोळ्यांनी. आणि त्या काळात आई, बाप, काका, मामा आणि 'आमचाही मुलगा तिकडेच असतो' म्हणणारे शेजारी, या सगळ्यांनी तोंडात गुळणी धरून बसावं.

माझा आरोप साधा आहे. जे पालक सात-आठ हजार किलोमीटरवरून मुलांची खोली ठरवतात, ते मुलांची सोय करत नसतात. ते स्वतःची झोप विकत घेत असतात आणि बिल मुलांच्या नावावर टाकत असतात. आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझंच आहे, म्हणून जरा मोकळेपणानं बोलतो.

माझी भाची सई 2023 साली स्पेनमध्ये सालामांकाला शिकायला गेली. परक्यांना स्पॅनिश कसं शिकवावं, याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. 'सांगलीच्या पोरीनं परक्यांना स्पॅनिश शिकवायचं, मग स्पेनचे लोक काय करणार?' ही शंका आमच्या दाजींनी त्याच दिवशी काढली होती. ती अद्याप मिटलेली नाही. दाजी म्हणजे ताईचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर धरणाची दारं तपासण्यात गेल्यामुळे त्यांना कुठलंही दार उघडं दिसलं की धोका वाटतो.

शैक्षणिक कर्ज सात लाखांचं, दुसऱ्या एका बँकेचं. त्या बँकेला जामीनदार हवा होता. आमच्या बँकेत परवानगीचा अर्ज वगैरे देऊन मी जामीन राहिलो. इथं जरा थांबतो, कारण जामीनदार ही काय चीज आहे हे ठाऊक असल्याशिवाय पुढचं समजणार नाही. कर्ज घेणारा एकदा सही करतो आणि मोकळा होतो. जामीनदार ती सही रोज रात्री मनातल्या मनात पुन्हा करतो. पोरगी शिंकली तरी मला हप्ता दिसत होता.

सालामांका हे गाव दीड लाखाच्या आतबाहेरच्या वस्तीचं. माद्रिदच्या पश्चिमेला, तोर्मेस नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर. विद्यापीठ 1218 सालचं. स्पेनमधलं आज चालू असलेलं सर्वांत जुनं. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर दगडी नक्षीची नुसती दाटी आहे आणि त्यात एका कवटीवर एक बेडूक बसवला आहे. ज्या विद्यार्थ्याला तो कुणी न दाखवता सापडेल तो परीक्षेत पास, अशी समजूत आहे. मला वाटतं, हा नियम खोलीलाही लावावा. पण ते पुढे येईल.

तर आमच्या घरी खोलीसाठी समिती बसली. दाजी अध्यक्ष, मी कोषाध्यक्ष, ताई चहा आणि सई विषयपत्रिकेवर.

पहिला ठराव दाजींनीच आणला. त्यांना संगणकावर एक फ्लॅट सापडला होता. ऐन जुन्या गावात, चकचकीत, तीन बाल्कन्या आणि भाडं आमच्या विश्रामबागेपेक्षा थोडंसंच जास्त. मालक लंडनला डॉक्टर. स्वभावानं अत्यंत सज्जन, कारण इंग्रजीत पत्र लिहून त्यानं दाजींना 'डिअर सर' म्हटलं होतं. दोन महिन्यांची अनामत पाठवली की किल्ल्या कुरियरनं सांगलीला येणार होत्या. दाजी रकमेचा अर्ज भरूनच माझ्या टेबलाशी आले.

मी कॉमर्सचा माणूस. मला बाल्कन्या दिसत नाहीत, मला खातं नंबर दिसतो. युरोपातल्या खातं नंबराची पहिली दोन अक्षरं म्हणजे देशाची खूण असते. स्पेनच्या खात्याचा नंबर 'ईएस'नं सुरू होतो आणि अक्षरं-आकडे मिळून चोवीस भरतो. इथं घर स्पेनमध्ये, मालक इंग्लंडमध्ये आणि खातं तिसऱ्याच देशात निघालं. मी म्हटलं, "दाजी, हे घर फार फिरतं आहे. यात राहणार कसं?"

दाजी रागावले. "तुम्ही बँकवाले सगळ्यांना चोर समजता."

"नाही दाजी. आम्ही सगळ्यांना खातेदार समजतो. चोर नंतर ठरतात."

मी एकच गोष्ट सुचवली. सईचं ओळखीचं कुणीतरी त्या पत्त्यावर जाऊन फ्लॅट बघून येईल, असं मालकाला कळवा. त्यानंतर लंडनच्या डॉक्टरांनी पेशंट तपासायला जे डोकं खाली घातलं, ते पुन्हा वर काढलं नाही.

सालामांकाच्या जुन्या रोमन पुलापाशी एक दगडी बैल आहे. 1554 साली छापलेल्या 'लाझारिल्यो दे तोर्मेस' या कथेत एक आंधळा आपल्या पोऱ्याला सांगतो, या बैलाला कान लाव, आतून मोठा आवाज येतो. पोऱ्या कान लावतो आणि आंधळा त्याचं डोकं त्या दगडावर आपटतो. गावाबाहेर पडतानाचा हा पहिला धडा. जवळजवळ पाचशे वर्षांत फरक इतकाच पडला आहे, की आता बैल मोबाईलच्या पडद्यावर येतो आणि डोकं सांगलीत बसून आपटता येतं.

एवढं शहाणपण दाखवल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. माणसाला दुसऱ्याची चूक सापडली, की स्वतःची करायला हुरूप येतो. मी तुलनात्मक तक्ता केला. चौदा रकाने. भाडं, अनामत, वीज, पाणी, कॉलेजपासूनचं अंतर, कुलूप, रखवालदार वगैरे. आणि तक्त्याच्या शेवटी लाल शाईनं शिफारस केली ती एका खाजगी विद्यार्थी-निवासाची.

हे निवास म्हणजे काय असतं ते सांगतो. गेल्या काही वर्षांत स्पेनच्या विद्यापीठगावांतून मोठे गुंतवणूकदार अशा इमारती उभारताहेत. आत खोली, खोलीत स्नानगृह, खाली व्यायामशाळा, वर गच्ची, दाराशी चोवीस तास माणूस. माहितीपत्रक बारा पानांचं. त्यात मुलं हसत होती, पळत होती, सिनेमा बघत होती. एकही मुलगा वाचताना दिसला नाही. भाडं महिना साडेआठशे युरो. युरो नव्वदचा धरला तर शहात्तर हजार पाचशे. नऊ महिन्यांचे सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे. म्हणजे सात लाखांतून उरले साडेअकरा हजार. त्यात विद्यापीठाची फी, विमान, जेवण आणि थंडीचा कोट. त्या साली परदेशी विद्यार्थ्याकडे अख्ख्या महिन्याला सहाशे युरो असले की खुद्द स्पेनचं सरकार त्याला गावात येऊ देत होतं. आणि आम्ही नुसत्या पाठ टेकण्याचे साडेआठशे द्यायला निघालो होतो!

आणि तरीही मी शिफारस केली. कारण त्या माहितीपत्रकावर एक शब्द होता. सुरक्षितता. या शब्दापुढे आमचा सगळा कॉमर्स झोपतो. दाजी लगेच म्हणाले, "पोरीच्या सुरक्षिततेपुढे पैसा काय? ताईची एफडी मोडू."

ताईची एफडी म्हणजे सुभाषितातला आकडा नव्हे. एकवीस वर्षं बालवाडीत शिकवून तिनं ती साठवलेली होती. तिचं म्हातारपण त्यात होतं. ती चहाचे कप गोळा करत होती. तिनं एफडीबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "तिथं कपडे कुठं वाळत घालायचे?"

आम्ही सगळे हसलो. दाजी म्हणाले, "अगं, तिथं यंत्रं असतात." मी तक्त्यात पाहिलं. कपड्यांचा रकाना नव्हता.

तेव्हा सई पहिल्यांदा बोलली. "दादा पुण्याला गेला तेव्हा कुणी तक्ता केला होता?"

दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिला. एका खोलीत पाच कॉट. सहावा मुलगा जमिनीवर, तो हिशेबात नव्हता. दाजींनी त्याला स्वारगेटला सोडलं, हातात दोन हजार ठेवले आणि म्हणाले, "बघ काय मिळतं ते." त्याच्या वेळी 'सुरक्षितता' हा शब्द शब्दकोशात नव्हता. त्याला मिळालं ते स्वातंत्र्य आणि हिला मिळणार होता रखवालदार, तोही तिच्या आईच्या म्हातारपणातून पगार देऊन. हे मला त्या क्षणी कळलं असं म्हणालो तर खोटं ठरेल. त्या क्षणी मला रागच आला. जामीनदाराला उलट बोललेलं आवडत नाही.

सईनं आमचं काही ऐकलं नाही. व्हिसाचे कागद झाले. एका साध्या लॉजमधली दहा दिवसांची जागा तिनं घेतली आणि वर्ग सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी ती निघाली. बरोबर माझा तक्ता होता. त्यात तिनं चपात्या गुंडाळल्या होत्या, हे ताईनं मला नंतर सांगितलं.

पुढचे आठ दिवस ती चालत होती. गाव असं, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जाता येतं. जाहिराती संगणकावर असतात, तशाच भिंतींवर आणि फलकांवरही असतात. खाली टेलिफोन नंबराच्या झिरमिळ्या कापून ठेवलेल्या, ज्याला हवी त्यानं तोडून घ्यावी. रात्री ती लॉजवरून फोन करायची आणि आम्ही तिघं एका फोनला कान लावून बसायचो. तोच तो दगडी बैल.

पहिली खोली 'बार्रियो देल ओएस्ते' या भागात. तिथं गॅरेजच्या दारांवर चित्रकारांनी चित्रं काढली आहेत, गल्ल्या देखण्या आहेत. खोली दोनशे दहा युरो. मी फोनवर ओरडलो, "घे!" सई म्हणाली, "मामा, ही आतली खोली आहे." स्पेनमध्ये खोल्यांच्या दोन जाती. बाहेरची म्हणजे रस्त्याकडे खिडकी असलेली. आतली म्हणजे जिची खिडकी इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत उघडते. त्या पोकळीला ते 'उजेडाचा चौक' म्हणतात. आपल्याकडे ज्या इमारतीत वारा नसतो तिचं नाव 'पवनछाया' ठेवतात, त्यातलाच प्रकार. दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. चार मजल्यांची भांडणं आणि फोडण्या एकाच खिडकीतून घरात येतात.

"मामा, तुझ्या तक्त्यात खिडकी कुठं आहे?"

मी पाहिलं. चौदा रकाने होते. खिडकी नव्हती.

दुसरी खोली प्लासा मायोर, म्हणजे अठराव्या शतकातला तो सुप्रसिद्ध मोठा चौक, त्याच्या जवळ. बाल्कनी, ऊन, सगळं झकास. तक्त्याप्रमाणे पहिला नंबर. सईनं ती दिवसा पाहिली आणि गुरुवारी रात्री एक वाजता मैत्रिणीबरोबर पुन्हा जाऊन पाहिली. गुरुवार ही तिथं विद्यार्थ्यांची बाहेर पडण्याची रात्र. बाल्कनीच्या बरोबर खाली तीन बार आणि तीनशे माणसं होती. "खोली चांगली आहे," ती म्हणाली, "फक्त झोपायला दुसरी घ्यावी लागेल."

तिसरी खोली एका विधवा आजींच्या घरात. मधोमध गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारी जाड चादर आणि टेबलाखाली शेगडी. थंडीत सगळ्यांनी पाय त्या चादरीखाली घालून बसायचं. आजी प्रेमळ. पण दहानंतर आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, स्वयंपाकघरात मसाला नाही. सई म्हणाली, "मला क्षणभर वाटलं, आजींचं माहेर सदाशिव पेठेतलं." मला माझी जुनी घरमालकीण आठवली. तिनं खोली दाखवण्यापूर्वी मला दोन प्रश्न विचारले होते. आडनाव काय आणि घरी काय खाता. दोन्हींची उत्तरं एकच होती, फक्त तिला ते स्पष्ट करून हवं होतं.

चौथी खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. भाडं दोनशे साठ, वीज-पाणी वेगळं. आत आधीच तीन मुली, दोघी स्पॅनिश आणि एक ब्राझीलची. इथं नवाच प्रकार. खोली बघायला गेलेल्या मुलीलाच तिथल्या मुली बघतात. कोचावर बसवतात, कॉफी देतात. भांडी कधी घासतेस? किती वाजता झोपतेस? घोरतेस का? म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रमच की. फक्त वराकडचे तीन आणि हुंडा दोन्ही बाजूंनी वर्ज्य. सईनं उलट तपासणी घेतली. इमारतीची मध्यवर्ती शेगडी किती वाजता पेटते? कारण तिथं थंडीत रात्री पारा शून्याखाली जातो आणि जुन्या इमारतींत ऊब वेळापत्रकानं येते. ते वेळापत्रक मालकांच्या सोसायटीच्या सभेत ठरतं. म्हणजे ते कसं ठरत असेल ते मी तुम्हांला सांगायला नको. धुलाईयंत्र आणि भट्टी एकदम लावली तर वीज जाते का? जाते. गॅस कुठला? सिलिंडरचा. आपला लाल आणि 14.2 किलोचा, त्यांचा नारिंगी आणि साडेबाराचा. तो वाहून आणणारा माणूस तीन मजले चढतो आणि आपल्यासारखाच दारात उभा राहून कपाळ पुसतो. हे ऐकल्यावर ताईला तो देश प्रथमच आपला वाटला.

सईनं ती खोली घेतली. किल्ली एका हातात घेतली, मग दुसऱ्या हातानं पैसे दिले आणि पावती मागून घेतली. बँकेत चोवीस वर्षं काढून मी ग्राहकांना जे शिकवू शकलो नाही, ते ही पोरगी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय शिकली.

करारावर मात्र तिला भांडावं लागलं, आणि इथं माझी दुसरी तक्रार येते. विद्यार्थी म्हणजे दहा महिन्यांचा पाहुणा, म्हणून करार 'हंगामी'. स्पेनच्या 1994 च्या भाडे कायद्याप्रमाणे राहत्या घराची अनामत एक महिन्याची, पण हंगामी असेल तर दोन महिन्यांची. 2023 साली नवा घरकायदा आला आणि त्यानं सांगितलं की घराची दलाली भाडेकरूनं नव्हे, मालकानं भरायची. टाळ्या! पण हंगामी कराराला तो नियम लागू होत नाही. म्हणजे ज्याच्या खिशात सर्वांत कमी, त्याच्याकडून सर्वांत जास्त. कायद्याच्या चाळणीला भोक ठेवायचं आणि त्याखाली नेमकं विद्यार्थ्याला उभं करायचं, ही कला फक्त आपल्याकडेच आहे असा माझा गैरसमज होता. तो गेला.

मालक आणखी म्हणत होता, की नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव घालू नकोस, मला कटकट होते. आता, जिथं राहतो तिथल्या नोंदवहीत नाव घालणं हे तिथं प्रत्येकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. शिवाय परदेशी विद्यार्थ्याला आल्यापासून महिन्याच्या आत ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो आणि तेव्हा हा दाखला विचारला जाऊ शकतो. सईनं ते त्याला त्याच्याच भाषेत ऐकवलं. परक्यांना स्पॅनिश शिकवायला गेलेली पोरगी, पहिला धडा तिनं स्पॅनिश माणसालाच दिला. दाजींची शंका अशा रीतीनं अर्धी मिटली.

आता थोडा इतिहास सांगतो. सईचं कॉलेज भरतं ते आनाया राजवाड्यात, नव्या कॅथेड्रलच्या समोर. ही वास्तू मुळात वसतिगृहाची. दिएगो दे आनाया नावाच्या बिशपानं 1401 साली ते वसतिगृह काढलं, ते गरीब पण हुशार मुलांसाठी. हेतू लाखमोलाचा. पुढे काय झालं? तिथून शिकलेली मुलं मोठ्या जागांवर गेली. मग मोठ्या जागांवरच्यांनी आपली मुलं तिथं घातली. प्रवेशाला कुळ तपासायला लागले. उमरावांच्या पोरांनी गरिबांच्या खाटा अडवल्या आणि अठराव्या शतकात त्यांच्यासाठी हा राजवाडा उभा राहिला. 1771 साली तिसऱ्या कार्लोस राजाला सुधारणेचे हुकूम काढावे लागले आणि 1798 साली तर ती जुनी वसतिगृहं बंद करून मालमत्ता सरकारजमा झाली. म्हणजे गरिबासाठी खाट टाकायची, तिच्यावर श्रीमंतानं झोपायचं आणि पुढे त्या खाटेला राजवाडा म्हणायचं, हा व्यवहार व्यायामशाळावाल्या निवासांनी शोधलेला नाही. तो सहाशे वर्षांचा आहे.

पण त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हा, तिकडे दहावा आल्फोन्सो नावाचा राजा होता. त्याला लोक 'शहाणा' म्हणत. त्याच्या कायद्याच्या ग्रंथात विद्यापीठाचं गाव कसं असावं, याचं कलम आहे. हवा चांगली असावी, फिरायला जागा असावी, अन्न मुबलक असावं आणि विद्यार्थ्यांना फारसा खर्च न येता राहता येईल अशी चांगली बिऱ्हाडं असावीत. बघा, राजानं व्यायामशाळा लिहिलेली नाही. रखवालदार लिहिलेला नाही. पहिला शब्द लिहिला तो हवा. म्हणजे खिडकी. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाला जे सुचलं ते बी.कॉम. झालेल्या माणसाच्या चौदा रकान्यांत बसलं नाही.

आता काही जण म्हणतील, सगळ्याच पोरांना असं जमत नाही. मान्य. ज्याची तब्येत नाजूक आहे, ज्याला भाषेचा गंध नाही, जो वर्ग सुरू झाल्यावर पोचणार आहे, त्यानं खुशाल निवासात जावं. पण ते त्यानं ठरवावं. दुसरे म्हणतील, आणि तिला खोलीच मिळाली नसती तर? हा प्रश्न मीही त्या आठ रात्री विचारत होतो. त्याचं उत्तर असं, की नसती मिळाली तर नवव्या दिवशी तिनं पाचवी पाहिली असती. चार खोल्या नाकारलेल्या माणसाला पाचवी पारखता येते. आम्ही मात्र तिला पहिलीच खोली पारखू न देता आयुष्य पारखायला पाठवत होतो. वर तिनं नवरा पारखून करावा, नोकरी पारखून घ्यावी, मत पारखून द्यावं, ही आमची अपेक्षा होतीच.

मी घाबरलो नव्हतो असं नाही. अजूनही घाबरतो. पण माझी भीती ही माझी उधारी आहे. ती मुलांच्या खात्याला नावे टाकायची नाही, एवढं तरी कॉमर्सच्या माणसाला कळायला हवं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर कुणी परदेशातल्या खोलीची अनामत पाठवायचा अर्ज आणला, की मी अर्ज बाजूला ठेवतो आणि विचारतो, "खोली कुणी पाहिली?" बहुतेक वडील फोन काढून फोटो दाखवतात. मी म्हणतो, "फोटो नको. खोली कुणी पाहिली?" मग ते खुर्चीवर टेकतात. मी चहा मागवतो. आमचे मॅनेजरसाहेब परवा काउंटरजवळ येऊन म्हणाले, "तुम्ही बँकेत आहात की वसतिगृहात?" मी म्हटलं, "साहेब, जामीन राहिल्यापासून दोन्हीकडे."

सईनं खोलीत सामान लावल्यावर एक फोटो पाठवला होता. खिडकीचा. समोर पिवळसर दगडाच्या भिंती, उन्हात मधासारख्या झालेल्या, आणि कोपऱ्यात कुठल्याशा मनोऱ्याचा तुकडा. दाजींनी तो मोठा करून खिडकीला गज आहेत का ते पाहिलं. मी खिडकीची दिशा कुठली असावी याचा अंदाज बांधला. ताईनं चष्मा लावला, फोटो जवळ धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"दोरी आहे," ती म्हणाली. "वाळतील कपडे."

एफडी तशीच आहे. गेल्या महिन्यात मुदत संपली तेव्हा मीच तिचं नूतनीकरण केलं.